'हेल ड्रायव्हर्स': बारा खेपांचं गणित

१९५७ सालचा 'हेल ड्रायव्हर्स' हा ब्रिटिश कृष्णधवल चित्रपट आज बहुतेक लोक नटांसाठी शोधून बघतात. पाच वर्षांनी जेम्स बाँड होणारा शॉन कॉनरी यात खडीच्या ट्रकवरचा एक किरकोळ ड्रायव्हर आहे. पुढे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला पहिला डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल कार्टली नावाचा डेपो मॅनेजर झालाय. पॅट्रिक मॅकगुहान, हर्बर्ट लोम, सिड जेम्स, गॉर्डन जॅक्सन, डेव्हिड मॅकॅलम ही मंडळीही आहेतच. हे चेहरे ओळखण्याची गंमत दोन तासांत संपते. चित्रपटाचा खरा कणा एका प्रश्नावर उभा आहे: ट्रकवाले इतक्या वेगानं का पळतात? मस्ती म्हणून? तर नाही. त्यामागे हिशेब आहे. तो मांडला की चित्रपट उलगडतो आणि खेपेवर पैसे मिळणाऱ्या कुठल्याही धंद्याची आतली कळही सापडते.

कथा थोडक्यात. टॉम येटली (स्टॅनले बेकर) तुरुंगातून सुटून हॉलेट्स नावाच्या वाहतूक कंपनीच्या डेपोत काम मागायला येतो. काम एकच, खाणीतून खडी-रेती भरायची, बांधकामावर ओतायची आणि परत यायचं. पैसे खेपेवर. दिवसाला किमान बारा खेपा, मागे पडलात तर घरी. रेड (मॅकगुहान) हा ड्रायव्हरांचा मुकादम. ट्रक नंबर १ त्याचा आणि अठरा खेपांचा विक्रमही त्याचाच. टॉमच्या वाट्याला नंबर १३ येतो. रेडचं आव्हान उघड आहे. त्याला खेपांत हरवून दाखवा आणि अडीचशे पौंडांची सोन्याची सिगारेट-डबी घेऊन जा. या डेपोत जिनो (लोम) नावाचा एकच माणूस टॉमशी आपुलकीनं वागतो. तो इटालियन आहे, युद्धात कैदी म्हणून ब्रिटनमध्ये आला आणि तिथेच राहिला.

आता गणित. पडद्यावर आकडे संवादांच्या ओघात येऊन जातात, म्हणून सोयीसाठी आपण गोल आकडे धरू. समजा जाऊन-येऊन फेरी वीस मैलांची आहे. भरायला ४ मिनिटं, ओतायला ४, फाटकावर आणि वळवण्यात २. म्हणजे गाडी न पळता गेलेली दहा मिनिटं.

कामाचे तास किती? ब्रिटनच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यानं मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि चोवीस तासांत अकरा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायला बंदी होती. गाडीशी किंवा मालाशी संबंधित इतर कामही चालवण्यातच धरलं जाई, त्यामुळे भरताना उभं राहिलेला वेळ सुटत नव्हता. म्हणजे दिवसाला ६६० मिनिटं.

तेव्हाची वेगमर्यादा आज वाचताना हसू येईल अशी होती. रिकामं वजन तीन टनांच्या वर असलेल्या मालवाहू गाडीला ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. ही मर्यादा ताशी ३० मैल झाली ती १९५७ मध्ये, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी. तीन टनांच्या आतल्या गाड्यांना आधीपासून ३० ची मुभा होती. म्हणून तर तिकडचे बांधणारे गाडीचं रिकामं वजन तीन टनांच्या खाली ठेवायची धडपड करत आणि मालक तिच्यावर जमेल तेवढा माल लादत.

ताशी २० मैलांनी वीस मैल म्हणजे ६० मिनिटं, वर दहा. एक फेरी ७० मिनिटांची. ६६० ला ७० नं भागलं की नऊ खेपा होतात आणि थोडा वेळ उरतो. कंपनी मागते बारा. कायदा पाळणारा माणूस पहिल्याच दिवशी नापास.

३० ची मर्यादा धरली तरी फार फरक पडत नाही. ३० ही मर्यादा आहे, सरासरी नव्हे. गावातले कोपरे, समोरून येणारी बैठी मोटार, गाईंचा कळप, चढ आणि लोड गाडी हे सगळं धरलं तर सरासरी २२-२३ च्या वर जाणं अवघड. तेव्हा दहा खेपा पडतील. बारासाठी फेरी ५५ मिनिटांत संपवावी लागते, म्हणजे रस्त्यावर ४५ मिनिटं आणि सरासरी जवळपास २७ मैल. आणि रेडच्या अठरासाठी? फेरीला साडेछत्तीस मिनिटांच्या आसपास, त्यातली दहा भरण्या-ओतण्यात. उरलेल्या पावणेसत्तावीस मिनिटांत वीस मैल, म्हणजे ताशी सरासरी ४५. सरासरी ४५ पडायची तर सरळ पट्ट्यावर साठीला टेकावं लागतं. तेही अशा देशात, जिथे तोवर एकही मोटरवे, म्हणजे फक्त वेगवान गाड्यांसाठीचा रुंद महामार्ग, नव्हता. ब्रिटनमधला मोटरवेचा पहिला तुकडा, प्रेस्टन बायपास, डिसेंबर १९५८ मध्ये उघडला आणि एम-१ चा पहिला टप्पा नोव्हेंबर १९५९ मध्ये. ट्रक पळत होते ते दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं असलेल्या गावरस्त्यांवर, जिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला गवतात उतरावं लागतं.

आपल्याकडे खेपेवर चालणाऱ्या डंपरच्या मागे कधी अडकलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. उक्त्यावरचं काम आणि रोजावरचं काम यांतला फरक रस्ता बरोबर ओळखतो.

रांगेचा पेच

वेग वाढवला तर खेपा वाढतात, हे प्रत्येक ड्रायव्हरपुरतं खरं आहे. सगळ्या डेपोपुरतं ते खोटं ठरू शकतं. या विषयातला सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा हाच.

खाणीत भरण्याची जागा एकच आहे, असं समजा. एका गाडीला ४ मिनिटं लागतात. मग ६६० मिनिटांत जास्तीत जास्त १६५ गाड्या भरतील. ड्रायव्हर कितीही सुसाट सुटले तरी १६६ वी गाडी भरणार नाही. डेपोत पंधरा ट्रक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी अकरा खेपा येतात आणि किमान अट आहे बारा! म्हणजे सगळ्यांनी अट पूर्ण करणं गणितानंच अशक्य. त्यात रेडनं अठरा उचलल्या की उरलेल्या १४७ चौदा जणांत वाटायच्या, साडेदहाच्या हिशेबानं. कोणीतरी रोज कमी पडणारच आणि त्याच्या डोक्यावर नोकरीची तलवार राहणार.

याचा अर्थ असा, की अशा खाणीत रस्त्यावर वाचवलेली पाच मिनिटं नव्या खडीची किंमत देत नाहीत. ती फक्त रांगेत दुसऱ्याच्या पुढची जागा देतात. शेजारच्याला गवतात ढकलून पुढे गेलात तर तुमची खेप वाढली आणि त्याची घटली. बांधकामावर पडलेला ढीग तेवढाच. ड्रायव्हर एकमेकांना कट का मारतात, फाटकातून आत शिरताना झुंबड का उडते आणि नवा माणूस आला की जुने तोंड का फिरवतात, हे या एका हिशेबातून कळतं. भरण्याला ४ ऐवजी ३ मिनिटं लागली तर २२० गाड्या भरतील, वाट्याला साडेचौदा येतील आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यासाठी मालकानं भरण्याची सोय सुधारायला किंवा आणखी एक जागा बांधायला हवी. ती पैसे खाते. ड्रायव्हरची धास्ती फुकट मिळते.

मुकादमानंच विक्रम करण्यामागेही हिशेब आहे. हाताखालच्यांनी "एवढं जमत नाही" म्हटलं की बोट दाखवायला नंबर १ तयार असतो. त्याला कोणी हरवलंच, तर हरवणाऱ्याला एकदा डबी मिळते आणि त्याचा आकडा बाकीच्यांना कायमचा नवा मापदंड म्हणून बसतो. कारखान्यात तुकड्यावर काम करणारे जुने कामगार म्हणूनच नव्या पोराला हळूच सांगत, की जास्त हुशारी दाखवू नकोस, दर कापतील.

पाच माणसं गेली कुठे

चित्रपटाच्या उत्तरार्धात एक गोम उघड होते. चित्रपट बघायचा असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या. मुख्य कचेरी जितक्या ड्रायव्हरांचे पैसे पाठवते, त्याहून पाच ड्रायव्हर कार्टली कमी ठेवतो. न ठेवलेल्या पाचांचा पगार तो आणि रेड वाटून घेतात. म्हणजे ती जीवघेणी अट कंपनीची गरज म्हणून आलेली नाही. वीस माणसांचं काम पंधरांकडून काढायचं म्हणून ती आली. पंधरा माणसांना प्रत्येकी बारा म्हणजे १८० खेपा. तेवढ्याच वीस जणांत वाटल्या तर नऊच होतात. (हे आकडेही समजुतीसाठीच.)

इथे एक खुसपट काढायला हवं. पैसे निव्वळ खेपेवरच असतील तर १८० खेपांचे पैसे तेवढेच होतात, त्या वीस जणांनी केल्या काय नि पंधरांनी केल्या काय. खाण्यासारखं काही उरत नाही. घोटाळा चालतो तो माणशी ठरलेली काही रक्कम वरून येत असेल तेव्हाच. खेपेचा दर वेगळा आणि डोक्यामागचा पगार वेगळा. चित्रपट या फरकावर थांबत नाही. पण हजेरीपटावरची भुतं कुठल्याही देशात याच फटीतून आत येतात. कामाची मोजणी एका ठिकाणी होते, माणसांची मोजणी दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही वह्या एकाच माणसाच्या हातात.

गाडी आणि तिची दुखणी

चित्रपटातले ट्रक डॉज कंपनीचे आहेत, लंडनच्या क्यू भागातल्या कारखान्यात बनलेले. बॉनेट पुढे पोपटाच्या चोचीसारखं झुकलेलं म्हणून त्यांना तिकडे 'पोपटनाक्या' म्हणत. मागे उचलणारा हौदा. याला आपण टिपर किंवा डंपर म्हणतो.

हौदा उचलण्याची रचना साधी असते. गिअरबॉक्सच्या बाजूला एक जोडणी असते, मेकॅनिक तिला पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) म्हणतात. ती लावली की इंजिनाची ताकद चाकांऐवजी हायड्रॉलिक पंपाकडे जाते, पंप तेल दाबतो आणि जॅक हौदा वर ढकलतो. ओतण्याचा क्रम ठरलेला: गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या फाळक्याची कडी काढायची, मग पीटीओ लावून हौदा उचलायचा, माल घसरला की हौदा पूर्ण खाली आणायचा, पीटीओ काढायची, फाळका लावायचा आणि मगच निघायचं. ४ मिनिटांची २ करायची म्हटली की यातली एकेक पायरी गळते आणि प्रत्येक गळतीचा अपघात वेगळा. कडी काढायची राहिली तर सगळा माल मागे जाऊन फाळक्यावर दाबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. जमीन एका बाजूला कललेली असेल तर हौदा वर जाताना वजनाचा मध्यही वर जातो आणि गाडी आडवी होते. ओली रेती हौद्याच्या एका कोपऱ्यात चिकटून राहिली तरी हाच धोका. पूर्ण खाली यायच्या आत गाडी पळवली तर वरच्या तारा किंवा पूल आहेतच. उचललेल्या हौद्याखाली टेकू न लावता शिरणं तर थेट आत्महत्या. नळी फुटली की हौदा खाली यायला क्षणही लागत नाही.

दुसरं दुखणं ब्रेकचं. चालत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ३० चे ४५ झाले म्हणजे वेग दीडपट, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. मालासकट दहा टनांची गाडी ताशी ३० मैलांवरून थांबवली तर सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. ४५ वरून थांबवली तर दोन हजार किलोज्यूलच्या वर. चारही चाकांच्या ड्रमांचं मिळून १६० किलो लोखंड धरलं, तर पहिल्या वेळी ते साधारण १२ अंशांनी तापेल आणि दुसऱ्या वेळी २७ नं. एकदा थांबण्यात काही बिघडत नाही. पण दर वळणाला, दर कोपऱ्याला दाबायचा आणि मधल्या पट्ट्यात निवायला वेळच द्यायचा नाही, असं दिवसभर चाललं की उष्णता साठत जाते. मग तीन गोष्टी घडतात. ब्रेक लायनरची पकड कमी होते. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, म्हणून पेडल आणखी खाली जातं. आणि ब्रेक ऑइलमध्ये ओल शिरलेली असेल तर ते उकळून बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखं लागतं आणि गाडी चालतच राहते.

थांबायला अंतर किती लागतं तेही बघा. ड्रायव्हरचा पाय पेडलवर जायला एक सेकंद आणि बऱ्यापैकी ब्रेक धरले तर ३० वरून सुमारे ३६ मीटर, ४५ वरून सुमारे ७१. गावरस्त्याच्या वळणावर पन्नास मीटर पुढचं दिसत असेल, तर पहिला ड्रायव्हर वाचतो. दुसरा समोर काही येऊ नये एवढीच आशा करतो.

उतारावर यावरचा उपाय म्हणजे खालचा गिअर. आपले घाटातले ड्रायव्हर ज्याला डबल क्लच म्हणतात तेच तंत्र जुन्या गिअरबॉक्सना लागे, कारण आतले दाते एकमेकांशी वेग आपोआप जुळवत नसत. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका झटका द्या, पुन्हा क्लच, खालचा गिअर, क्लच सोडा. झटका कमी पडला तर दाते किरकिरतात आणि गिअर पडत नाही. तोवर उतारावर गाडी मोकळी सुटलेली असते, वेग आणखी वाढतो आणि मग तो गिअर पडण्याची शक्यताच संपते. म्हणून खालचा गिअर उताराच्या तोंडाशी टाकायचा असतो, अर्ध्यात नाही. घाईतला माणूस नेमका इथेच चुकतो.

पडद्यावरचा वेग कुठून आला

एवढे जड ट्रक खरोखर पन्नास-साठीनं गावरस्त्यावर पळवणं चित्रपटवाल्यांनाही परवडणारं नव्हतं. त्यांनी वेगळा मार्ग धरला आणि बारकाईनं बघणाऱ्याला तो अनेक दृश्यांत दिसतो.

सिनेमाचा प्रोजेक्टर सेकंदाला २४ चौकटी दाखवतो. कॅमेराही २४ नं चालवला तर वेग खरा दिसतो. कॅमेरा सेकंदाला १६ चौकटींनी चालवला आणि तीच फीत २४ नं दाखवली, तर दीड सेकंदाची घटना एका सेकंदात उरकते. ताशी ३० मैलांचा ट्रक ४५ नं पळतो. फुकटात दीडपट वेग! मात्र वेग वाढला की बाकीचंही सगळं वाढतं. दोन मीटर उंचीवरून खडा खाली पडायला खरं तर सुमारे ०.६४ सेकंद लागतात, इथे तो ०.४३ सेकंदांत पडतो. म्हणजे पडद्यावरच्या जगात गुरुत्वाकर्षण सव्वादोन पट झालेलं असतं. ब्रेकच्या हिशेबातला सव्वादोन तो हाच, वर्गाचा. म्हणून अशा दृश्यात ट्रक खरा वाटतो पण उडणारी धूळ, हौद्यातून सांडणारी खडी, स्प्रिंगच्या पाट्यांवर उसळणारी गाडी हे सगळं टकटक उडाल्यासारखं दिसतं. कडेनं चालणारा माणूस तर लगेच चॅप्लिनच्या मूकपटातला वाटू लागतो. म्हणून हुशार कॅमेरामन असा शॉट घेताना चौकटीत माणूस येऊ देत नाही. संवाद तर अशा शॉटमध्ये रेकॉर्ड करताच येत नाही, इंजिनाचा आवाजही नंतर चढवावा लागतो.

प्रकाशाचं गणितही बदलतं. २४ चौकटींना प्रत्येक चौकट साधारण १/४८ सेकंद उघडी राहते, १६ ला १/३२. दीडपट प्रकाश जास्त आत जातो, म्हणून लेन्सचं तोंड अर्ध्या स्टॉपहून थोडं जास्त आवळावं लागतं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी पायरी). विसरलं तर ते दृश्य आजूबाजूच्या दृश्यांपेक्षा पांढरट येतं.

वेगाचा भास वाढवायला आणखी दोन साधनं असतात. पहिलं म्हणजे कॅमेरा खाली, बंपरच्या उंचीला आणि कुंपणाजवळ ठेवणं. डोळा वेग मैलांत मोजत नाही, वस्तू नजरेसमोरून किती झपाट्यानं सरकते त्यावर ठरवतो. एक मीटरवरचं झुडूप आणि पन्नास मीटरवरचं झाड यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अरुंद रस्ता इथे दिग्दर्शकाला वरदानच ठरतो. दुसरं म्हणजे समोरासमोरच्या शॉटला लांब लेन्स. त्यानं दोन गाड्यांमधलं अंतर चेपल्यासारखं दिसतं आणि वीस मीटरची मोकळी जागा दोन मीटरची वाटते.

केबिनमधली जवळची दृश्यं अशा चित्रपटांत बहुतेक स्टुडिओत होत. कापलेली केबिन उभी करायची, मागे पारदर्शक पडदा, त्यावर आधी चित्रित केलेला रस्ता मागून टाकायचा. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्या मोटारी एकमेकांना बांधलेल्या असाव्या लागतात, नाहीतर मागचा रस्ता लुकलुकतो. ही युक्ती ओळखण्याची खूण मजेशीर आहे: मागचा रस्ता सरळ चाललेला असतो आणि नट मात्र स्टिअरिंग डावी-उजवीकडे भिरभिर फिरवत असतो.

छायाचित्रण जेफ्री अन्सवर्थ यांचं. पुढे '२००१: अ स्पेस ओडिसी' आणि 'कॅबरे' त्यांनी चित्रित केले. 'हेल ड्रायव्हर्स' व्हिस्टाव्हिजन पद्धतीनं टिपला आहे. नेहमीच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फीत उभी सरकते आणि एक चौकट फितीच्या कडेच्या चार छिद्रांएवढी असते. व्हिस्टाव्हिजनमध्ये ती आडवी सरकते आणि चौकट आठ छिद्रांची. चौकट दुपटीहून मोठी, म्हणून चित्रातला रवा, म्हणजे दाणेदारपणा, बारीक. पण फीतही दुप्पट खाते, मिनिटाला ९० ऐवजी १८० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटांत संपतं. पॅरामाउंट या हॉलिवूड कंपनीनं ही पद्धत १९५४ मध्ये एका भपकेबाज रंगीत संगीतपटानं सुरू केली आणि इथे ती चिखल, ग्रीस आणि दाढीचे खुंट दाखवायला वापरली आहे. राखाडी रंगाच्या इतक्या छटा त्या काळच्या थोड्याच ब्रिटिश गुन्हेपटांत दिसतात. म्हणूनच याला सरसकट स्वस्तातला जोडपट, म्हणजे मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायचा दुय्यम चित्रपट, म्हणता येत नाही. हॉलिवूडच्या मानानं पैसा थोडाच, पण तो काचेवर आणि फितीवर नीट खर्च केलेला.

नाव बदललेला दिग्दर्शक

श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचं नाव सी. रेकर एन्डफील्ड असं येतं. हा साय एन्डफील्ड, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाचा. १९५१ मध्ये अमेरिकन संसदेच्या कम्युनिस्टविरोधी समितीपुढे त्याचं नाव घेतलं गेलं, हॉलिवूडची दारं बंद झाली आणि तो ब्रिटनला आला. तिथेही खऱ्या नावानं काम करणं सोपं नव्हतं, कारण ब्रिटिश चित्रपट अमेरिकेत विकायचे असत. म्हणून कधी दुसऱ्याच्या नावाआड, कधी नाव फिरवून त्यानं काम केलं. पटकथा त्याची आणि जॉन क्रूझ यांची. मुख्य नट बेकर वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यातला, कोळसाखाणींच्या मुलखातला. पुढे १९६४ मध्ये या दोघांनी 'झुलू' केला आणि जगाला ती जोडी त्यावरून ठाऊक झाली.

नाव गमावलेला दिग्दर्शक आणि भूतकाळ लपवून काम मागणारा नायक यांच्यात नातं जोडण्याचा मोह अनेकांना होतो. ते थोडं ओढूनताणून आहे. त्याहून ठळक दिसते ती कामाच्या जागेवरची नजर. इथे मालक पडद्यावर जवळजवळ नाहीच. आहे तो मधला मॅनेजर, मुकादम आणि एकमेकांवर भुंकणारे ड्रायव्हर. कामगारांचा राग वर जाण्याऐवजी आडवा पसरतो, हे त्यानं भाषण न देता दाखवलंय. त्या मानानं प्रेमकथा अगदीच बेतीव. पेगी कमिन्सच्या ल्युसीला दोन पुरुषांमध्ये उभं राहण्यापलीकडे लेखकांनी फारसं दिलेलं नाही.

पाहायचा ठरवलात तर नंबरांवर लक्ष ठेवा. नंबर हीच या डेपोतली जात आहे. १ म्हणजे मुकादम, १३ म्हणजे नवखा, आणि बाकीचे ड्रायव्हर कोणाला अडवायचं हे पाटी बघून ठरवतात, चेहरा बघून नाही. म्हणूनच जिनो टॉमला मदत करायची ठरवतो तेव्हा गाडीला हातही लावत नाही. फक्त दोन ट्रकांच्या नंबरपाट्यांची अदलाबदल करतो, म्हणजे बाकीच्यांनी टॉमऐवजी आपल्याला अडवावं. त्यानंतरच्या खेपेत काय होतं ते इथे सांगत नाही. त्या दृश्यात कॅमेरा किती चौकटींनी चालवलाय, ते रस्त्यावर सांडणाऱ्या खडीकडे बघून मोजता येतं.